फोन शंभर टक्के भरला, म्हणजे आत काय रिकामं झालं?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मधले चहाचे घोट काढून टाकलेत.)

हेडफोन लावलेत? बरं, सुरू करण्याआधी एक काम करा. फोनच्या वरच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा दिसतोय ना, तो बघून ठेवा. मनात नको, खरंच बघा. हा भाग संपेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांनी खाली येईल. तेवढ्या वेळात तुमच्या हातातल्या वस्तूत कोण कुठून कुठे गेलं, हाच आजचा विषय.

आणि हा विषय मला सुचला आईच्या फोनमुळे.

टाचणी घेऊन आलेला दुकानदार

आईचा फोन तीन-साडेतीन वर्षं जुना. ती तो रात्री चार्जिंगला लावते आणि उशीखाली ठेवून झोपते, कारण पहाटेचा अलार्म ऐकू यायला हवा. एक दिवस म्हणाली, "अगं, याचं कव्हर बसेनासं झालंय." मी बघितलं तर स्क्रीनची एक कड वर उचललेली. आतून काहीतरी ढकलत होतं.

जवळच्या मोबाइल रिपेअरच्या दुकानात घेऊन गेले. त्याने मागचं झाकण काढलं. आत बॅटरी अशी टम्म फुगलेली, जणू तव्यावरचा फुलका. मी घाबरले, पण तो अगदी शांत. "काही नाही हो ताई, गॅस धरलाय. बारीक भोक पाडलं की बसेल खाली. अजून सहा महिने चालेल." आणि त्याने ड्रॉवरमधून टाचणी काढली.

मी म्हटलं, "दादा, नको. हात लावू नका."

तो हसला. त्याने कदाचित दहा वेळा हे केलं असेल आणि दहाही वेळा काही झालं नसेल. पण अकराव्या वेळी काय होऊ शकतं, ते मला माहीत होतं. ते तुम्हालाही कळावं म्हणून आज आपण त्या चपट्या पाकिटाच्या आत शिरणार आहोत.

थरांचं घर

बहुतेक फोनच्या बॅटरीत दोन बाजू असतात. एक धन बाजू, एक ऋण बाजू. धन बाजूला असतं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड नावाचं काळं चूर्ण. ऋण बाजूला ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. मध्ये एक पातळ, बारीक छिद्रांचा पडदा आणि सेंद्रिय द्रावकात विरघळवलेलं लिथियमचं क्षार. हे द्रावण ज्वलनशील असतं, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लिथियम कोबाल्ट ऑक्साइडकडे बघू. हे थरांचं घर आहे. एक थर ऑक्सिजनचा, मग कोबाल्टचा, पुन्हा ऑक्सिजनचा. हे तिघं मिळून एक पक्की फरशी. मग मोकळी जागा, आणि त्या जागेत लिथियमचे आयन. मग पुन्हा फरशी, पुन्हा लिथियम. एका फरशीपासून पुढच्या फरशीपर्यंतचं अंतर साधारण ०.४७ नॅनोमीटर. एक मिलिमीटर उंचीत असे वीस लाखांहून जास्त मजले बसतील.

फरशी पक्की, पण मजल्यावरचे भाडेकरू हलू शकतात. सगळी गंमत इथेच आहे.

तुम्ही चार्जर लावता तेव्हा काय होतं? चार्जर कोबाल्टकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तारेतून ग्राफाइटकडे पाठवतो. इकडे घरातली एक ऋण वजाबाकी झाली, म्हणजे हिशोब बिघडला. तो सांभाळायला एक लिथियम आयन, ज्याच्यावर एक धन भार आहे, तो घर सोडतो. मधल्या द्रावणातून पोहत पलीकडे जातो आणि ग्राफाइटच्या दोन थरांमध्ये जाऊन बसतो. तिथे त्याला त्याचा इलेक्ट्रॉन भेटतो. दोघं एकाच ठिकाणी पोचले, पण रस्ते वेगळे: एक तारेने, एक पाण्या... नाही, द्रावणाने.

म्हणजे बघा, फोन "भरतो" तेव्हा धन बाजूचं घर खरं तर रिकामं होत असतं.

आणि तुम्ही फोन वापरता तेव्हा उलटा प्रवास. लिथियमला कोबाल्टच्या घरातच जास्त बरं वाटतं. आपण पंप लावून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो ना, तसं चार्जरने त्याला जबरदस्तीने ग्राफाइटमध्ये चढवलेलं असतं. वाट मिळाली की तो घरी परत निघतो. पण त्याचा इलेक्ट्रॉन परत येताना तुमच्या फोनच्या सर्किटमधून येतो, आणि येता येता स्क्रीन उजळतो, माझा आवाज तुमच्या कानात पोचवतो.

अधिक महिना आणि बॅटरी

या आत शिरण्याला रसायनशास्त्रात नाव आहे इंटरकॅलेशन. बाहेर काढण्याला डीइंटरकॅलेशन. शब्द जड वाटतो, पण त्याची कल्पना आपल्या घरातल्या कालनिर्णयावर लटकलेली आहे. हा मूळ लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ पंचांगात जादा दिवस किंवा महिना घालणं. म्हणजेच आपला अधिक महिना! २०२३ साली अधिक श्रावण आला होता, आठवतोय? जावयांना अनारसे मिळाले होते. आषाढ आणि निज श्रावण यांच्यामध्ये एक अख्खा महिना येऊन बसला. पण बाकीच्या महिन्यांचा क्रम बदलला नाही, दसरा दिवाळीच्या आधीच आला.

नेमकं हेच. पाहुणा आत येतो, पण घराची रचना मोडत नाही. लोखंड गंजतं तेव्हा लोखंडाची मूळ रचना संपते. लाकूड जळलं की लाकूड राहत नाही. पण लिथियम आत-बाहेर करतो तेव्हा फरशा जागच्या जागी. म्हणून तर हीच क्रिया शेकडो वेळा उलटसुलट करता येते. साध्या पेन्सिल सेलला हे जमत नाही, फोनच्या बॅटरीला जमतं.

ग्राफाइटमध्ये हे चक्क डोळ्यांना दिसतं, बरं का. करडा-काळा ग्राफाइट लिथियम भरत गेलं की आधी निळसर होतो, मग लालसर, आणि पूर्ण भरला की सोनेरी. सहा कार्बनमागे एक लिथियम, ही झाली हाउसफुल्ल स्थिती. तुमचा फोन शंभर टक्क्यांवर असतो तेव्हा आत कुठेतरी एक सोनेरी थर असतो. बॅटरी उघडून बघायला जाऊ नका, माझ्यावर विश्वास ठेवा.

किती लिथियम फिरतं? हिशोब सोपा आहे. ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे १.३ ग्रॅम लिथियम इकडून तिकडे जावं लागतं. पाव चमचा मिठाचं वजन तेवढं असतं. अख्खा दिवसभराचा फोन, त्याच्यावर. आणि एक टक्का म्हणजे साधारण १३ मिलिग्रॅम.

शंभर टक्के म्हणजे निम्मंच

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कोबाल्टच्या घरातून किती भाडेकरू बाहेर काढायचे?

कागदावर बघितलं तर सगळे. एक ग्रॅम लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधून सगळं लिथियम काढलं तर २७४ एमएएच मिळायला हवेत. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं कंपन्या घेत आल्या त्या १४० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मे. बाकीचे निम्मे मुद्दाम घरातच ठेवले जातात. तुमचा फोन "शंभर टक्के" म्हणतो तेव्हाही.

का? लोभ का नाही करायचा?

कारण लिथियम हा नुसता भाडेकरू नाही, तो घर धरूनही ठेवतो. वरच्या फरशीचा तळ ऑक्सिजनचा, खालच्या फरशीचा माथाही ऑक्सिजनचा. दोघांवर ऋण भार, म्हणून दोघं एकमेकांना ढकलणार. मधला लिथियम धन भाराचा, म्हणून तो दोघांना समजूत घालून एकत्र ठेवतो. तो जायला लागला की मजले थोडे वर उचलले जातात. निम्मं लिथियम काढेपर्यंत घराची उंची साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. तेवढं चालतं. घर ताणलं जातं, पण पुन्हा बसतं.

निम्म्याच्या पुढे मात्र खेळ बदलतो. आत्तापर्यंत इलेक्ट्रॉन कोबाल्ट देत होता. आता कोबाल्टची पातळी आणि ऑक्सिजनची पातळी एकमेकांत मिसळायला लागतात, आणि इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या खिशातूनही जायला लागतात. ऑक्सिजनचा ऋण भार कमी झाला की ढकलाढकलही कमी. मग उचललेले मजले एकदम खाली बसतात, फरशा एकमेकींवर पत्त्यांच्या जोडासारख्या सरकतात. हे असं वर-खाली, सरक-बस रोज व्हायला लागलं की कणांना तडे जातात. आणि ज्या ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन गमावले, तो फरशी सोडून वायू बनून निघायला तयार होतो.

फरशीच उखडली, मग घर कसलं?

म्हणून एक रेषा आखली गेली: ४.२ व्होल्ट. लिथियम जितकं जास्त काढाल तितका व्होल्टेज चढत जातो, म्हणून चार्जिंगची चिप व्होल्टेजवर नजर ठेवते आणि रेषेवर थांबते. अलीकडच्या फोनमध्ये ही रेषा ४.४ व्होल्टच्या पुढे सरकली आहे. कणांना संरक्षक लेप देऊन, त्यांत इतर मूलद्रव्यांची किंचित भेसळ करून, आता दोन तृतीयांशाच्या आसपास लिथियम काढता येतं. पण रेषा आहेच. तुमच्या स्क्रीनवरचं "१००%" हा निसर्गाचा आकडा नाही. इंजिनिअरांनी केलेला तो एक करार आहे: इथपर्यंत काढू, याच्यापुढे नाही. तिकडचं शून्यही खरं शून्य नसतं, तळाशीही थोडं राखून ठेवलेलं असतं.

हे कोणाला सुचलं?

थोडं मागे जाऊ. १९७० चं दशक. तेलाचं संकट. अमेरिकेत एक्झॉन या तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम काम करत होते. त्यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम घालून दाखवलं. चालत होतं, पण टाकीची उंची कमी, म्हणजे व्होल्टेज अडीचच्या आत. आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध लिथियम धातू. चार्ज करताना त्या धातूवर सुयांसारख्या फांद्या वाढायच्या, पलीकडच्या बाजूला टेकायच्या, आणि शॉर्ट सर्किट. आगी लागल्या.

ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी विचार केला: सल्फाइडऐवजी ऑक्साइड घेतलं तर टाकी उंच जाईल. कोइची मिझुशिमा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड मांडलं. व्होल्टेज चारच्या घरात! आणि यात एक कमाल होती. लिथियम आधीच ऑक्साइडच्या घरात बसलेलं. म्हणजे दुसऱ्या बाजूला तो धोकादायक धातू ठेवायची गरजच नाही, नुसतं एक रिकामं घर ठेवा. बॅटरी तयार होते तीच डिस्चार्ज अवस्थेत, आणि पहिल्यांदा चार्ज केली की लिथियम पलीकडे राहायला जातं.

ते रिकामं घर १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी पेट्रोलियम कोक, म्हणजे एक प्रकारचा कार्बन, वापरून दिलं. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. २०१९ साली व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजवरचे सगळ्यात वयस्कर नोबेलविजेते.

मग बॅटरी फुगते का?

आता परत आईच्या फोनकडे. बॅटरी म्हातारी होते त्याची कारणं तुम्हाला आता अर्धी कळलीच आहेत.

घर पूर्ण ताणलेल्या अवस्थेत, म्हणजे शंभर टक्क्यांवर, तासन् तास ठेवलं की ऑक्साइडचा पृष्ठभाग मधल्या द्रावणाशी भांडण काढतो. उष्णता असेल तर हे भांडण जोरात. द्रावण मोडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू निघतात. फरशीतला ऑक्सिजन सुटला तर त्यात भर. तिकडे ग्राफाइटच्या अंगावर एक पापुद्रा जमत जातो, त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. म्हणून जुन्या फोनचं शंभर टक्के नव्या फोनच्या शंभर टक्क्यांइतकं टिकत नाही. प्रवास करणारेच कमी झालेत.

फोनची बॅटरी म्हणजे सीलबंद पाकीट. वायू जाणार कुठे? पाकीट फुगतं. उशीखाली, रात्रभर, शंभर टक्क्यांवर, गरम. माझ्या आईने नकळत सगळी सामग्री एकत्र केली होती.

आणि आता टाचणी. त्या पाकिटात धन बाजू, पडदा, ऋण बाजू अशा पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या किंवा रचलेल्या असतात. टाचणी फक्त पाकिटाला भोक पाडत नाही. ती पडदा फाडून दोन्ही बाजू जोडू शकते. मग लिथियम आणि इलेक्ट्रॉन दोघांना एकदम घरी परतायची घाई होते. सर्किट नाही, स्क्रीन नाही, सगळी ऊर्जा त्या एका टोकावर उष्णता होऊन निघते. अर्धं रिकामं झालेलं ऑक्साइड गरम झालं की ऑक्सिजन सोडतं. शेजारी ज्वलनशील द्रावण. इंधन, ऑक्सिजन आणि ठिणगी, तिन्ही एकाच पाकिटात. बाहेरच्या हवेचीही फारशी गरज नाही. म्हणून अशी आग विझवणं अवघड जातं.

दुकानदाराला मी हे सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "दादा, ही ठेवून द्या, नवीन ओरिजिनल टाका." त्याने टाचणी परत ठेवली. नाराज होऊन का होईना.

तर आपण काय करायचं?

घाबरायचं नाही, हे पहिलं. रेषा आखणारी चिप आपलं काम करते. पण आता आतलं चित्र माहीत आहे, तर नियम पाठ करायची गरज नाही, ते आपोआप सुचतात.

घर फार वेळ पूर्ण ताणलेलं नको, म्हणून फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर रोजच्यासाठी ती चालू करा. प्रवासाला निघताना शंभर करा, काही बिघडत नाही. उष्णता टाळा: चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नको. चार्ज करत करत तासभर गेम खेळणं म्हणजे दोन्हीकडून तापवणं. जुना फोन कपाटात ठेवून द्यायचा असेल तर निम्मा भरून, बंद करून ठेवा.

शेवटचे वीस टक्के हळू चढतात म्हणून चार्जरला शिव्या देऊ नका. ग्राफाइटमधल्या जागा भरत आलेल्या असतात. गर्दीच्या लोकलमध्ये शेवटचा माणूस चढायला वेळ लागतोच. घाई केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी दारातच धातू होऊन साचतं, आणि पुन्हा त्या जुन्या सुयांची भीती. म्हणून चार्जर स्वतःच करंट कमी करत नेतो.

आणि फुगलेली दिसली तर: चार्जर काढा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, वाकवू नका. सर्व्हिस सेंटरला द्या. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात.

जाता जाता

त्या काळ्या चुर्णाबद्दल अजून एक गोष्ट. ५००० एमएएचच्या बॅटरीत ते साधारण तीस-पस्तीस ग्रॅम असतं, आणि त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असतं कोबाल्ट. जगातलं बहुतेक कोबाल्ट येतं आफ्रिकेतल्या काँगोमधून. तिथल्या काही खाणींत माणसं, कधीकधी मुलंसुद्धा, हाताने खणतात. म्हणून कोबाल्टच्या जागी निकेल आणि मँगनीज घालून तशीच थरांची घरं बांधायचा प्रयत्न जोरात आहे, इलेक्ट्रिक गाड्यांत ती दिसतातच. लिथियमऐवजी सोडियमही भाडेकरू म्हणून चालतो. तो अंगाने मोठा, म्हणून त्याला ऐसपैस मजले लागतात आणि व्होल्टेजही थोडा कमी मिळतो, पण तो मिठात असतो, म्हणजे मुबलक. आपल्या पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे संस्थेबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. या सोडियमच्या घरांवर एक अख्खा भाग करायचा आहे मला.

चला, आता वरच्या कोपऱ्यात बघा. आकडा किती? दोनने उतरला असेल तर पंचवीस-सव्वीस मिलिग्रॅम लिथियम तुमच्या हातात, आवाज न करता, घरी परतलंय.

आईला मी एक साधं अलार्मचं घड्याळ आणून दिलंय. फोन आता रात्री हॉलमध्ये, टेबलावर असतो. तुमच्या घरात कोणी फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपत असेल, तर हा भाग त्यांना आज झोपायच्या आधी पाठवा. भेटूया पुढच्या भागात!